सिकलसेल, तीन महिन्यांचे बाळ आणि गर्भनिरोधनाची दोन ॲप्स: उत्तर कोणाचे मानावे?

सातपुडा_वैअ यांचा प्रश्न

नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. गर्भनिरोधनाचा सल्ला देताना माझ्या मोबाइलमधील दोन ॲप्सचा मला मोठा आधार वाटतो. एक जागतिक आरोग्य संघटनेचे आहे. दुसरे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेचे असून तेही मोफत मिळते. दोन्हींची रचना सारखीच आहे. स्त्रीचा आजार किंवा अवस्था निवडली की तांबी, इंजेक्शन, गोळ्या अशा प्रत्येक साधनापुढे १ ते ४ यांपैकी एक श्रेणी दिसते. श्रेणी १ म्हणजे कोणतेही बंधन नाही. श्रेणी २ म्हणजे फायदा जोखमीपेक्षा सामान्यतः जास्त, श्रेणी ३ म्हणजे जोखीम फायद्यापेक्षा सामान्यतः जास्त, आणि श्रेणी ४ म्हणजे ते साधन वापरूच नये.

अडचण अशी आली की एकाच रुग्णासाठी या दोन ॲप्सनी वेगवेगळी उत्तरे दिली. बाविशीच्या आतबाहेरची ही आदिवासी महिला आहे. दुसरे बाळंतपण होऊन तीन महिने झाले आहेत, बाळ पूर्णपणे अंगावर पिते आणि पाळी अजून आलेली नाही. इलेक्ट्रोफोरेसिस या रक्तचाचणीच्या अहवालानुसार तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, म्हणजे ती केवळ वाहक नाही. तिला पाळणा लांबवायचा आहे, आणि बहीण माला-एन (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन हार्मोन असलेली संयुक्त गोळी) घेते म्हणून तिनेही त्याच गोळ्या मागितल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या ॲपमध्ये स्तनपानाच्या या टप्प्याला संयुक्त गोळ्यांसाठी श्रेणी ३ आहे आणि सिकलसेलसाठी श्रेणी २. सीडीसीच्या ॲपमध्ये स्तनपानासाठी श्रेणी २ दिसते आणि सिकलसेलसाठी थेट श्रेणी ४. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या बाबतीतही फरक आहे: पहिल्या ॲपमध्ये सिकलसेलपुढे १, दुसऱ्यात २/३.

शासकीय कार्यक्रमात काम करताना कोणते ॲप प्रमाण मानावे, असा माझा मुख्य प्रश्न आहे. दुसरा प्रश्न छाया गोळीचा. आमच्याकडे ती भरपूर उपलब्ध असते आणि हार्मोन नसलेली गोळी म्हणून स्त्रिया ती मागतातही, पण दोन्ही ॲप्समध्ये ती मला सापडत नाही. तिच्यासाठी मी कशाचा आधार घ्यावा? ज्यांनी ही साधने प्रत्यक्ष वापरली आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

स्त्रीरोग_अध्यापक यांचे उत्तर

मॅडम, प्रश्न नेमका मांडल्याबद्दल आभार. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मी हा विषय शिकवतो, आणि ॲप उघडून पहिला आकडा वाचायचा आणि निर्णय द्यायचा ही घाई मला वारंवार दिसते. तुम्ही दोन्हींतील आकडे शेजारी ठेवून पाहिलेत, म्हणूनच हा प्रश्न तुमच्या लक्षात आला.

प्रथम या रुग्णापुरते पाहू. स्त्रीमध्ये एकाहून अधिक अवस्था असतील तर ज्या अवस्थेची श्रेणी सर्वांत कडक, ती निर्णायक धरण्यापासून विचाराला सुरुवात करावी. त्या हिशेबाने जागतिक आरोग्य संघटनेच्या ॲपनुसार माला-एनसाठी तिची श्रेणी ३ होते आणि सीडीसीच्या ॲपनुसार ४. म्हणजे आज दोन्ही ॲप्स तुम्हाला "ही गोळी देऊ नका" असेच सांगत आहेत, फक्त एकाचे कारण स्तनपान आहे आणि दुसऱ्याचे सिकलसेल. ज्या ठिकाणी सखोल तपासणीची सोय मर्यादित आहे तिथे श्रेणी १ व २ म्हणजे "देता येते" आणि ३ व ४ म्हणजे "देऊ नये" अशी दोनच उत्तरे धरावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगून ठेवले आहे. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे बहुतांशी याच वर्णनात बसतात.

खरा पेच तीन महिन्यांनी येईल. बाळ सहा महिन्यांचे झाले की जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात स्तनपानाची श्रेणी ३ वरून २ होते आणि सिकलसेलची २ असतेच, त्यामुळे ते ॲप माला-एनला परवानगी देईल. सीडीसीचे ॲप मात्र श्रेणी ४ वर ठाम राहील. त्या दिवशी ही महिला पुन्हा तुमच्यासमोर बसेल तेव्हा काय सांगायचे, याचा विचार आजच करून ठेवावा लागेल.

हे फरक का पडतात ते समजले की निर्णय सोपा होतो. जागतिक आरोग्य संघटनेचे हे निकष पहिल्यांदा १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांची पाचवी आवृत्ती २०१५ मध्ये आली. तुम्ही वाचलेल्या श्रेणी त्या आवृत्तीतल्या आहेत. सीडीसीने ते निकष आपल्या देशासाठी रूपांतरित करून २०१० मध्ये काढले, २०१६ मध्ये सुधारले आणि २०२४ मध्ये पुन्हा सुधारले. सिकलसेलबाबत सीडीसीची २०१६ ची श्रेणीही संयुक्त गोळ्यांसाठी २ आणि अंतरासारख्या इंजेक्शनसाठी १ अशीच होती. २०२४ च्या फेरविचारात त्यांनी असे धरले की सिकलसेल आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच वाढलेला असतो आणि इस्ट्रोजेन त्यात भर घालते, म्हणून संयुक्त गोळ्या थेट श्रेणी ४ मध्ये गेल्या. इंजेक्शनच्या बाबतीत गुठळ्यांची शंका एका पारड्यात आणि वेदनेचे झटके कमी होण्याची शक्यता दुसऱ्या पारड्यात, असा विचार करून २/३ ही दुहेरी श्रेणी आली. एकूण जोखीम पाहून डॉक्टरांनी निर्णय घ्यावा, असा त्या दुहेरी श्रेणीचा अर्थ.

स्तनपानाच्या बाबतीत दिशा उलटी आहे. संयुक्त गोळ्यांनी दूध कमी होईल का, बाळाच्या वाढीवर परिणाम होईल का, याबाबतचे अभ्यास परस्परविरोधी आहेत. जिथे बाळाचे पोषण सर्वस्वी आईच्या दुधावर अवलंबून असते तिथे अशा शंकेचे वजन वाढते, आणि साऱ्या जगासाठी लिहिणाऱ्या संघटनेने सहा महिन्यांपर्यंत श्रेणी ३ ठेवली हे मला योग्य वाटते. अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत गुठळ्यांच्या धोक्यावर मुख्य भर आहे आणि त्यानंतर श्रेणी २ होते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर दूध आटलेल्या आईने काय करायचे, हा प्रश्न अमेरिकेच्या तक्त्यापुढे नव्हता.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे. शासकीय कार्यक्रमात काम करताना आधार भारत सरकारच्या मार्गदर्शक पुस्तिकांचा आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांचा घ्यावा, कारण आपला साठा, आपली प्रशिक्षणे आणि आपली कार्डे त्यांच्यावर बेतलेली आहेत. पण सिकलसेल आजार असलेल्या स्त्रीला मी संयुक्त गोळी देणार नाही, बाळ सहा महिन्यांचे झाल्यावरही नाही. नंतरच्या फेरविचारात एखाद्या साधनाबाबत गंभीर धोका पुढे आला असेल आणि आपल्याकडे दुसरी साधने उपलब्ध असतील, तर जुन्या श्रेणीकडे बोट दाखवून ते साधन देण्यात रुग्णाचे काहीच हित नाही. "जे ॲप कडक तेच नेहमी बरोबर" असा नियम मात्र यातून काढू नका. त्या न्यायाने वागलात तर अर्ध्या स्त्रिया रिकाम्या हाताने परत जातील, आणि नको असलेले गरोदरपण सिकलसेलच्या रुग्णासाठी कोणत्याही साधनापेक्षा धोकादायक आहे. गरोदर राहिल्यास प्रकृतीला विशेष धोका संभवतो अशा आजारांची यादी दोन्ही निकषांत आहे आणि सिकलसेल त्या यादीत आहे. अशा स्त्रियांनी केवळ निरोधवर विसंबणे पुरेसे ठरणार नाही, असा इशाराही तिथे दिलेला आहे. बहुतेक जण श्रेणीचा आकडा वाचून थांबतात आणि ही टीप वाचायची राहून जाते.

मग या महिलेला काय देता येईल? बाळंतपणाला चार आठवडे उलटून गेल्यामुळे तांबी बसवण्यास त्या कारणाने आडकाठी नाही. सिकलसेलपुढे तांबीला दोन्हीकडे श्रेणी २ आहे. तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, त्यामुळे हिमोग्लोबिन पाहावे आणि तिला तसे आधी सांगावे. अंतरा जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार देता येते, कारण सहा आठवडे उलटले आहेत. देण्यापूर्वी पक्षाघात, पायातील किंवा फुप्फुसातील गुठळी, वारंवार रुग्णालयात दाखल होणे यांबद्दल नीट विचारावे. यांपैकी काही असेल तर २/३ मधील ३ लागू समजून जिल्हा रुग्णालयाशी बोलावे. इम्प्लांटला, म्हणजे दंडाच्या त्वचेखाली बसवायच्या कांडीला, दोन्हींकडे श्रेणी १ आहे. केंद्र सरकारने ते टप्प्याटप्प्याने कार्यक्रमात आणायला सुरुवात केली आहे, तेव्हा तुमच्या जिल्ह्यात ते मिळते का, हे विचारून घ्या. केवळ प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळीलाही श्रेणी १ आहे, पण ती बाहेरून विकत घ्यावी लागेल आणि महिनोन्महिने ती परवडेल का, हे तिलाच विचारायला हवे.

आणखी एक बाब. बाळ सहा महिन्यांच्या आतले, केवळ अंगावरचे दूध आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही अटी ती आज पूर्ण करते. म्हणजे स्तनपानाचे नैसर्गिक संरक्षण तिला सध्या आहे. त्यामुळे घाईने चुकीची गोळी देण्याची गरज नाही. निर्णय मात्र आजच्या भेटीतच व्हावा, कारण ती पुन्हा केव्हा येईल याची खात्री नसते.

न्यूजर्सी_फॅमिली_डॉक्टर यांचे उत्तर

मी मूळची साताऱ्याची, सध्या अमेरिकेत फॅमिली मेडिसिनमध्ये काम करते आणि सीडीसीचे हे ॲप रोजच्या रोज वापरते. सरांनी लिहिलेल्याला पुष्टी म्हणून काही गोष्टी जोडते.

या ॲपचे दोन भाग आहेत आणि बहुतेक जण पहिलाच वापरतात. पहिला भाग "हे साधन या स्त्रीला चालेल का" याचे उत्तर देतो. दुसरा भाग सर्वस्वी प्रत्यक्ष वापराचा आहे: साधन केव्हा सुरू करावे, आधी कोणत्या तपासण्या खरोखर लागतात, गोळी चुकली तर काय, इंजेक्शनला उशीर झाला तर काय. मला विचाराल तर तुमच्यासारख्या केंद्रात दुसरा भाग जास्त उपयोगी पडेल. उदाहरणार्थ, संयुक्त गोळ्या सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजणे आवश्यक आहे, पण अंतर्गत तपासणी किंवा रक्ताच्या चाचण्यांसाठी अडून बसण्याची गरज नसते. अंतर्गत तपासणी तांबीपूर्वी लागते. गरोदरपण नाही याची वाजवी खात्री कशी करावी याचे निकषही तिथे दिलेले आहेत: पाळी सुरू होऊन सात दिवसांच्या आत असणे, शेवटच्या पाळीनंतर संबंध न येणे, गर्भपातानंतर सात दिवसांच्या आत असणे, बाळंतपणानंतर चार आठवड्यांच्या आत असणे, आणि सरांनी सांगितलेली स्तनपानाची स्थिती. "पाळी आल्यावर या" असे सांगून बाईला परत पाठवण्याची जुनी सवय या निकषांमुळे मोडते. नंदुरबारच्या डोंगरात ही सवय मोडणे इथल्यापेक्षाही महत्त्वाचे असावे, असे मला वाटते.

मात्र याच दुसऱ्या भागात तुम्हाला सावध राहावे लागेल. अंतरामध्ये जे औषध आहे त्याच्या पुढच्या मात्रेला उशीर झाला तर सीडीसी आधीच्या इंजेक्शनपासून १५ आठवड्यांपर्यंत मुभा देते. जागतिक आरोग्य संघटना ठरलेल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत मुभा देते, आणि भारतातील सूचनाही तशाच आहेत. समजा एखादी महिला १६ व्या आठवड्यात आली. सीडीसीचे ॲप म्हणेल, गरोदर नसल्याची खात्री करा, इंजेक्शन द्या आणि सात दिवस निरोध वापरायला सांगा. तुमच्या कार्यक्रमाच्या सूचनेनुसार तिला सात दिवसांच्या निरोधाशिवाय थेट इंजेक्शन देता येते. अंतराचे कार्ड एक सांगते आणि डॉक्टर दुसरेच, असे झाले की आशाताईंचा आणि बायकांचा गोंधळ उडतो. म्हणून तारखांच्या बाबतीत माझ्या देशाचे ॲप बाजूला ठेवून तुमच्या कार्डाप्रमाणेच चाला.

एक गोष्ट थोडी वेगळी, पण साधन निवडताना लक्षात घ्यावी अशी. जानेवारी २०२५ च्या अखेरीस सीडीसीच्या संकेतस्थळावरील अनेक पाने अचानक काढून टाकण्यात आली. त्यांत गर्भनिरोधनाचे मार्गदर्शनही होते. न्यायालयाच्या आदेशानंतर फेब्रुवारीत पाने परत आली. मधल्या काळात आम्ही सहकाऱ्यांनी आपापल्याकडे साठवलेल्या प्रती एकमेकांना पाठवल्या. तेव्हापासून मूळ दस्तऐवज आणि एकपानी रंगीत तक्ता मी फोनमध्ये वेगळा साठवून ठेवते. त्या तक्त्यात १ आणि २ हिरव्या छटांत, ३ गुलाबी आणि ४ लाल रंगात आहे. तुम्हीही दोन्ही संस्थांचे तक्ते उतरवून घ्या. फोन विमान मोडवर टाकून ॲप उघडते का, हेही एकदा घरी पाहून घ्या. नेटवर्क नसलेल्या शिबिरात ते कळून उपयोग नाही.

उपकेंद्र_सीएचओ यांचे उत्तर

सर, मॅडम, मी विदर्भातील एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे आणि आमच्याकडेही सिकलसेलचे रुग्ण नेहमीचे आहेत. छाया गोळीबद्दल आणि ॲपमध्ये न सापडणाऱ्या इतर काही बाबींबद्दल लिहावेसे वाटले.

छाया म्हणजे सेंटक्रोमन, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेले औषध. ते मुख्यतः भारतातच वापरले जात असल्यामुळे या दोन निकषांत त्याची श्रेणी दिलेली नाही. ॲपमध्ये ती गोळी दिसली नाही याचा अर्थ ती सुरक्षित आहे किंवा धोकादायक आहे, असा कोणताच होत नाही. त्यासाठी मंत्रालयाची पुस्तिकाच पाहावी लागते. ३० मिलिग्रॅमची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, हे सर्वांना ठाऊक आहे. पण कोणाला देऊ नये, ही यादी आमच्या प्रशिक्षणात भरभर वाचून पुढे गेले होते. अंडाशयातील पीसीओडी, गर्भाशयमुखाची अतिवृद्धी, नुकतीच झालेली कावीळ किंवा यकृताचा आजार, तीव्र ॲलर्जी, आणि क्षयरोग किंवा मूत्रपिंडाचा आजार यांसारखे दीर्घ आजार असतील तर ही गोळी देत नाहीत. सिकलसेलच्या रुग्णांत कावीळ वरचेवर आढळते. डोळे पिवळे दिसणे त्यांना नेहमीचेच वाटते, त्यामुळे त्या आपणहून सांगत नाहीत. म्हणून छाया देण्यापूर्वी हे मुद्दाम विचारावे आणि खालची पापणी ओढून डोळ्यांचा पांढरा भागही उजेडात पाहावा, असे मी आमच्या एएनएम (आरोग्यसेविका) ताईंना सांगते.

तंबाखूचा प्रश्नही असाच आहे. दोन्ही ॲप्स धूम्रपानाबद्दल विचारतात: वय ३५ किंवा अधिक आहे का, दिवसाला १५ किंवा त्याहून जास्त सिगारेटी ओढता का. आमच्या गावातली बाई सिगारेट ओढत नाही, पण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते आणि दिवसभर तंबाखू मळते. "धूम्रपान करता का" असे विचारले तर ती खरेच "नाही" म्हणते आणि ॲप हिरवा रंग दाखवते. मिश्रीला श्रेणी नाही, त्यामुळे तिला श्रेणी चिकटवता येत नाही हे मान्य, पण अशा बाईचा रक्तदाब आम्ही अधिक काळजीने पाहतो. वरचा आकडा १४० ते १५९ किंवा खालचा ९० ते ९९ असेल तर संयुक्त गोळ्यांना श्रेणी ३ आणि वरचा १६० किंवा खालचा १०० झाला वा त्याच्या वर गेला की श्रेणी ४, हे दोन्हींकडे सारखेच आहे. चढ चढून आलेल्या बाईला लगेच पट्टा बांधू नये. पाच मिनिटे बसू द्यावे, पाणी द्यावे आणि मग मोजावे. एका नोंदीवरून रक्तदाबाचा रुग्ण ठरवू नये, हेही त्याच निकषांत लिहिलेले आहे, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतो आणि तोपर्यंत निरोध देऊन ठेवतो.

आणि शेवटी एक विनंती. बाई समोर बसलेली असताना डॉक्टर मोबाइलमध्ये डोके घालून बसले तर तिला वाटते की साहेब दुसरेच काही पाहत आहेत. मी फोन दोघींच्या मध्ये ठेवते आणि सांगते की "तुमच्या आजाराला कोणते साधन चालते ते मी यात बघतेय." ॲपमध्ये नाव-गाव कधीच लिहायचे नाही आणि त्याची गरजही नसते. श्रेणी पाहून झाली की फोन बाजूला ठेवून तांबी, अंतरा, गोळी यांचे नमुने टेबलावर मांडते, कारण श्रेणी १ असलेली तीन साधने असतील तर त्यांतले कोणते घ्यायचे हे तिने ठरवायचे असते. सासू सोबत असेल तर रक्तदाब मोजण्याच्या निमित्ताने मी बाईला आतल्या खोलीत नेते. पाळी चुकलेली चालेल का, गोळी घरात कुठे ठेवणार, नवऱ्याला माहीत आहे का, ही उत्तरे तिथेच मिळतात.

सातपुडा_वैअ

तिघांचेही मनापासून आभार. संयुक्त गोळ्यांबाबतचा निर्णय पक्का झाला. आमच्या सिकलसेल नोंदवहीतील प्रजननवयाच्या रुग्णांपैकी कोणाला माला-एन सुरू आहे का, हे मी एएनएम ताईंकडून तपासून घेत आहे.

याच निमित्ताने एक शंका. दुसरी एक रुग्ण क्षयरोगावर उपचार घेत आहे, रिफॅम्पिसिन सुरू आहे आणि तिला छाया हवी आहे. सीएचओ ताईंनी दिलेल्या यादीनुसार ती देता येणार नाही, हे बरोबर ना? आणि तिच्यासाठी ॲप काय सांगते, ते मी नीट वाचले आहे का, याची खात्री करायची आहे. शिवाय सिकलसेलच्या वाहकांना, म्हणजे आजार नसलेल्यांना, हीच बंधने लावायची का?

स्त्रीरोग_अध्यापक

बरोबर, क्षयरोगाच्या रुग्णाला छाया देऊ नका. रिफॅम्पिसिनच्या बाबतीत दोन्ही ॲप्सचे एकमत आहे. हे औषध यकृतातील विकरे वाढवते आणि गोळीतील हार्मोन लवकर निघून जाते, त्यामुळे गोळीचा परिणाम घटतो. म्हणून संयुक्त गोळ्या आणि केवळ प्रोजेस्टोजेनच्या गोळ्या, दोन्हींना श्रेणी ३ आहे. अंतराला मात्र श्रेणी १ आहे, तेव्हा दुसरे काही आड येत नसेल तर तिला अंतरा देता येते, आणि पुढची मात्रा ठरलेल्या तारखेआधी देण्याची गरजही नाही. तांबीचा विचार करत असाल तर क्षयरोग कोठे आहे ते आधी पाहा. फुप्फुसाचा असेल तर तांबीला अडचण नाही. ओटीपोटातील अवयवांचा असेल तर नवी तांबी बसवणे श्रेणी ४ मध्ये येते आणि आधीपासून असलेली चालू ठेवणे श्रेणी ३ मध्ये. "सुरू करणे" आणि "चालू ठेवणे" यांच्या श्रेणी वेगवेगळ्या असू शकतात, आणि ॲपच्या छोट्या पडद्यावर त्यांच्यासाठीची I आणि C ही दोन अक्षरे नजरेतून निसटतात. बोटाने ओळ मोठी करून वाचत जा.

वाहकांना ही बंधने लावू नका. श्रेणी सिकलसेल आजारासाठी आहे, आणि केवळ सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी सकारात्मक आली म्हणून एखादीला रुग्ण धरणे योग्य नाही, कारण ती चाचणी वाहक आणि रुग्ण यांच्यातला फरक दाखवत नाही. तुमच्याकडे इलेक्ट्रोफोरेसिसचा अहवाल होता म्हणून प्रश्न स्पष्ट होता. नोंदवही तपासताना हा रकाना भरलेला आहे का ते आधी पाहा. जिथे तो रिकामा असेल त्या महिलांचे नमुने जिल्ह्याला पाठवा, आणि अहवाल येईपर्यंत माला-एनऐवजी तांबी किंवा अंतरा चालेल का, ते प्रत्येकीला विचारा.